शंभरचा रोल

पनवेलला लाईन आळीत कृष्णकांत दातारचा फोटो स्टुडिओ होता, आणि तिथे पासपोर्ट फोटो काढायला गेलेला माणूस बोलणी न खाता बाहेर आला असं कधी झालं नाही. फोटो उत्तम निघायचा, त्याबद्दल वाद नाही. पण आधी खुर्चीवर बसून ऐकून घ्यावं लागायचं. "मान हलवू नका. डोळे हलवू नका. तुमची मिशी का हलतेय? तिलाही सांगा." एखाद्याने घाबरत विचारलंच की अजून किती वेळ, तर कृष्णकांत काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढून म्हणायचा, "दोन सेकंद मागतोय तुमच्याकडे, जमीन मागत नाही."

दुसरं त्याचं वेड म्हणजे रोलवरचा आकडा. तेव्हा, म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास, खांदा कॉलनीत नवीन बिऱ्हाडं येत होती. मुंबईचे नोकरदार लोक, गळ्यात नवा कॅमेरा, रविवारी सहकुटुंब बाहेर पडायचे. ते दुकानात येऊन म्हणायचे, रोल द्या. झालं, सापडले तावडीत.

"कसला रोल?"

"म्हणजे? फोटोचा."

"आकडा कुठला? शंभर, दोनशे, चारशे? पूर्वी एएसए म्हणायचे, आता आयएसओ म्हणतात. नाव बदललं म्हणून उजेड बदलत नाही. उन्हात शंभर. आभाळ भरून आलं, झाडाखाली बसलात, तर दोनशे. मांडवात, देवघरात, दिवेलागणीला चारशे. आकडा दुप्पट झाला की उजेड निम्म्यात भागतो. पटलं?"

गिऱ्हाईक मान हलवायचं आणि नेमका तोच प्रश्न विचारायचं ज्याची कृष्णकांत वाट बघत असायचा. मग नेहमी चारशेचाच का घेऊ नये?

"कारण शंभरचा फोटो मैद्यासारखा येतो आणि चारशेचा रव्यासारखा. मोठा करून भिंतीवर लावाल तेव्हा तुमच्या आईच्या गालावर रवा दिसेल. चालेल?"

आतल्या खोलीतून कुमुदचा आवाज यायचा, "मैदा-रव्याचं एवढं कळतं तर एकदा स्वयंपाकघरात या."

कुमुद त्याची बायको. मागच्या खोलीत खिडकीशी बसून ती निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने काम करायची. कुणाच्या डोळ्याखालचं काळं काढ, कुणाचे देवीचे व्रण बुजव. तिची नजर आपल्याहून बारीक आहे हे कृष्णकांत साऱ्या गावाला सांगायचा, फक्त तिला नाही.

आणखी एक काम त्याला कुणी आनंदाने सांगत नसे, पण सांगत सगळे. त्या काळी कितीतरी घरांत म्हाताऱ्या माणसाचा एकही फोटो नसायचा. माणूस गेला, अंघोळ घातली, हार घातला, की कुणाच्या तरी लक्षात यायचं. मग धावत लाईन आळीत. कृष्णकांत जेवत असला तर ताट सारून उठायचा. त्या कामाला त्याने कधी नाही म्हटलं नाही.

त्या कामाची एक गोष्ट मात्र त्याने कुमुदशिवाय कुणाला सांगितली नव्हती. धंद्याच्या सुरुवातीला त्याच्याकडे फ्लॅश नव्हता. अंधाऱ्या माजघरात कॅमेरा स्टँडवर ठेवून त्याचा पडदा पाच-सात सेकंद उघडा ठेवायचा. तेवढ्या वेळात जिवंत माणसं हलतातच. कुणी हुंदका देतं, कुणी पदर ओढतं. फोटो धुऊन बघावा तर भोवतालची सगळी माणसं धुरासारखी फिसकटलेली, आणि मधोमध मेलेलं माणूस तेवढं ठसठशीत, पापणीचा केस न् केस दिसेल असं. जणू त्या घरात खरं तेच एक होतं. पहिला तसा फोटो बघून त्याला दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. मग त्याने फ्लॅश घेतला, चारशेचे रोल आणून ठेवले, आणि ती भानगड मिटवून टाकली. फ्लॅशच्या लखलखाटात जिवंत काय नि मेलेलं काय, सगळी सारखीच रेखीव येतात.

त्या वर्षीच्या भाद्रपदातली गोष्ट. सकाळी एका शाळेचा ग्रुप फोटो होता. ऊन स्वच्छ, म्हणून कॅमेऱ्यात शंभरचा रोल. रोलवरच्या बारातले सहा फोटो संपले, सहा उरले, आणि कृष्णकांत दुकानात येऊन टेकतो न टेकतो तोच पायरीवर एक माणूस येऊन उभा राहिला. छातीचा भाता झालेला.

"मी काशिराम. गोदाचा भाऊस. तिची पोर गेली, मालू. गोदा बोलली, फोटूवाल्यांना आन."

गोदाला दोघं चांगली ओळखत होती. नेऱ्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी तिची वाडी. पावसाळ्यात रानभाजी घेऊन ती दुकानासमोरच बसायची. तिच्या शेजारी कधी कधी मालू असायची, सतरा वर्षांची, गळ्यात मण्यांच्या माळा. गोदाचा थोरला मुलगा पाच वर्षांमागे तापाने गेला होता. एकदा ती कुमुदला म्हणाली होती, "त्याचं तोंड आता आटवत नाय, वैनी. सपनात येतो तो बी पाठमोरा येतो."

कुमुद आतून बाहेर आली. "लगेच निघा," एवढंच म्हणाली.

कृष्णकांतने काशिरामला स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाला. घाईत चारशेचा रोल खणातच राहिला.

वाडीत पोचला तेव्हा बाहेर पुरुष गप्प बसले होते. मालूचा बाप पांडू खांदा कॉलनीत इमारतीच्या कामावर होता, त्याला बोलवायला माणूस गेला होता. तो आला की पोरीला उचलायची. खड्डा खणायला चौघं गेलेच होते. झोपडीत कुडाच्या भिंती, एकच दार. डोळे सरावायला वेळ लागला. मालू चटईवर आडवी होती. नवं लुगडं, गळ्यात त्याच माळा, डोळे अर्धवट मिटलेले. उशाशी गोदा.

"पाटं पोटात दुकतं बोलली," गोदा सांगू लागली. तिचा आवाज सपाट होता. "मग बोलली, आये, मना दोन दोन दिसतंय. मग डोळं झाकायला लागली. मग बोलणंच बंद झालं. भगत येईस्तोवर गेली. आंगाला काय नाय, जखम नाय, काय नाय."

कृष्णकांतने पिशवीतून फ्लॅश काढला तसा काशिराम पुढे झाला. "ते नको. मेलेल्याच्या तोंडावर वीज पाडायची नाय. आमच्यात नाय चालत. तिला वाट दिसाची नाय."

अशा गोष्टींवर कृष्णकांत वाद घालत नसे. कुणाचं दुःख आहे, त्यांनी सांगावं आणि आपण ऐकावं. पण रोलकडे लक्ष गेलं आणि त्याने मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. शंभर. या अंधारात शंभर. लोकांना आयुष्यभर शिकवत आलो आणि स्वतः शाळेतल्या उन्हाचा रोल घेऊन झोपडीत उभा राहिलो! उजेड मोजायच्या मीटरचा काटा जागचा उठेना. चारशेचा असता आणि भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं असतं तर अर्ध्या सेकंदात भागलं असतं. आता शंभरवर, आणि पोर डोक्यापासून पायांपर्यंत स्पष्ट यायची तर ते तोंड बारीक करणं आलं. त्याने हिशेब केला. आठ सेकंद.

त्याने स्टँड लावला. "तुम्ही कुणी हलू नका," तो म्हणाला. "मी मोजेन. आठ होईपर्यंत श्वाससुद्धा धरून ठेवा."

सेकंद मोजायची त्याची एक तऱ्हा होती. नुसते आकडे भरभर पळतात, म्हणून तो प्रत्येक आकड्याला गावाचं नाव जोडायचा. एक पनवेल, दोन पनवेल. म्हणायला बरोबर सेकंद लागतो. त्याने पडदा उघडला आणि हलक्या आवाजात मोजायला सुरुवात केली. तीन पनवेल, चार पनवेल. बाहेर कोंबडी कुडाला घासून गेली. पाच पनवेलला त्याच्या मानेवर काटा आला. कुणीतरी आपल्याकडे टक लावून बघतंय असं वाटलं. तसं बघत सगळेच होते, पण हे बघणं त्या सगळ्यांचं नव्हतं. आठ पनवेल. त्याने पडदा मिटला. खात्रीसाठी दुसरा फोटो काढला, परत आठ, आणि कुणाशी फारसं न बोलता निघाला.

शाळेच्या मुख्याध्यापकांना संध्याकाळी फोटो हवा होता, नाहीतर कृष्णकांतने तो रोल दोन दिवस तसाच ठेवला असता. दुपारी एकला तो अंधाऱ्या खोलीत शिरला. रोल धुतला, लाल दिव्याखाली कागदावर छाप उतरवले. शाळेची पोरं छान आली होती. मग मालूचा फोटो. बशीतल्या औषधाच्या पाण्यात कागदावर हळूहळू झोपडी उमटत गेली. पुन्हा तेच, इतक्या वर्षांनी. गोदा धूर, काशिराम धूर, दारातल्या बायका धूर. चटईची वीण मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. मालूचे पाय स्पष्ट, कपाळ स्पष्ट.

गळ्यातल्या माळा मात्र फिसकटल्या होत्या.

कॅमेरा हलला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण कॅमेरा हलला असता तर चटई हलली असती. वाऱ्याने हललं असेल. पण वाऱ्याने पदराची कड आधी हलते, जड मणी नाहीत, आणि पदराची कड तर कापून ठेवल्यासारखी होती. त्याने दुसरा फोटो बघितला. त्यातही तेच. गळ्यापासून पोटापर्यंतच्या तेवढ्याच पट्ट्यात मणी दुहेरी आलेले, एकाखाली एक.

त्याने दार उघडून हाक मारली. कुमुद आली. त्याने काही सांगितलं नाही, फक्त निगेटिव्ह खिडकीशी धरून भिंग तिच्या हातात दिलं. खरं म्हणजे त्याला वाटत होतं, तिने म्हणावं की तुमचे डोळे गेलेत.

कुमुद बराच वेळ बघत राहिली. मग भिंग खाली न घेताच म्हणाली, "अहो, ही श्वास घेतेय."

कृष्णकांत स्टुलावर बसला.

"बसताय काय? उठा," कुमुद म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "त्यांनी अजून उचललं नसेल. बाप यायचाय म्हणालात ना? उठा म्हणते ना!"

ओला फोटो कागदात गुंडाळून त्याने स्कूटर दामटली. गाढी नदीच्या पुलावर एका बैलगाडीला धडकता धडकता वाचला. रस्ताभर त्याच्या डोक्यात एकच. खड्डा खणायला माणसं गेली होती. ती सकाळीच गेली होती.

पांडू येऊन पोचला होता. मालूला झोपडीबाहेर आणून तिरडीवर ठेवलं होतं, दोऱ्या आवळणं चाललं होतं. कृष्णकांतने स्कूटर आडवी टाकली आणि धापा टाकत म्हणाला, "थांबा. ती मेलेली नाही."

काशिराम उठला. तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता, आणि ते जास्त वाईट. "काय बोलता, फोटूवाले? मेलेल्याला असं हाकारू नये. काय तरी भलतंच उठून बसंल." तरी त्याने वाकून पोरीच्या नाकाशी बोटं धरली. धरून ठेवली. मान हलवली. पांडूने छातीला कान लावला. त्यालाही काही लागलं नाही. अंग थंडगार होतं, पापणी वर केली तर बुबुळ तसंच.

कृष्णकांतने फोटो उलगडला. ती सगळी भोवती जमली आणि आपापली तोंडं शोधू लागली.

"सगळीच तर हललोत यात," काशिराम म्हणाला. "ही गोदा बग, निस्ता धूर. मी बी हललोय. तशी ती बी हलली."

"तेच सांगतोय ना तुम्हाला," कृष्णकांत म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "मेलेलं माणूस हलत नाही हो फोटोत. मी एवढे काढले, एकही कधी हललं नाही."

कुणाच्या ते डोक्यात शिरलं की नाही, देव जाणे. पण गोदाच्या शिरलं. तिने फोटो हातात घेतला, मण्यांवरून अंगठा फिरवला, तिरडीकडे बघितलं. मग खाली बसून दाताने दोरी सोडायला लागली. "गाडी बगा," ती पांडूला म्हणाली. "दूधवाल्याचा टेम्पू नेऱ्यात उभा असंल. पळ."

पनवेलच्या सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी नाडी धरली, गळ्याशी बोटं दाबली, आणि मग त्यांचीच तारांबळ उडाली. मण्यार, ते म्हणाले. मण्यार झोपेत चावते, मुंगी चावल्याइतकंही कळत नाही. आधी पोट दुखतं, मग पापण्या पडतात, जीभ जाते, हातपाय जातात, शेवटी श्वास. हिचा सुताएवढा उरलाय. त्यांनी घशात नळी घातली, तिला रबरी फुगा जोडला, आणि तो दाबत राहायला माणसं मागितली. दोन दिवस पांडू, काशिराम आणि कृष्णकांत पाळीपाळीने तो फुगा दाबत बसले. कृष्णकांत दाबताना मोजायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी मालूच्या डाव्या हाताचं बोट हललं.

इथे संपली असती तर बरी गोष्ट झाली असती. गावाने कृष्णकांतचं कौतुक केलं, कुणी नारळ दिला, कुणी मुद्दाम त्याच्याकडून फोटो काढून घेतले. तोही थोडा फुशारला. खोटं कशाला बोला!

कार्तिकात गोदा करांद्यांच्या कंदांची पाटी घेऊन दुकानासमोर बसायला आली, आणि मालूही आली. वाळली होती, बाकी ठीक. कुमुदने तिला आत बोलावून चहा दिला. मालू बशीत फुंकर मारत होती. कृष्णकांत आला तशी त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुमी मोजीत व्हतात."

"काय?"

"एक पनवेल, दोन पनवेल." तिने अगदी त्याच्यासारखं म्हणून दाखवलं. "मना सगळा आयकू येत व्हता. आये रडली ती. बाया लुगडं नेसवत व्हत्या ती. मामा बोलला, खड्डा खोल घ्या, कोल्ही उकरतात. मी हाका मारीत व्हते, पन तोंड हलत नव्हता. मंग तुमी मोजाया लागलात. मना वाटला, आठ झालं की मी मरनार. म्हनून तुमी आठ बोललात तवा लय भ्याले. मंग तुमी परत एकपासून मोजायला लागलात."

कुमुदने आपली बशी खाली ठेवली. मालू हसली आणि चहा पिऊ लागली. ती आता हसू शकत होती, तिचं सरलं होतं.

कृष्णकांतचं मात्र त्या दिवशी सुरू झालं. दुकान बंद करून त्याने कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली. मेलेल्या माणसांच्या निगेटिव्ह तो वेगळ्या ठेवायचा, पाकिटांवर नाव, गाव, तारीख. एकतीस पाकिटं. त्यांतली पहिली चार फ्लॅशच्या आधीची. ती त्याने भिंगाखाली घेतली. चारही माणसं दगडासारखी निश्चल. तेवढ्यापुरता त्याला सुटल्यासारखं वाटलं. मग उरलेली सत्तावीस. चारशेचा रोल, फ्लॅशचा लखलखाट, डोळ्याची पापणी लवायच्या आत आटोपलेले फोटो. सगळी रेखीव. त्यांच्याकडे कितीही वेळ बघितलं तरी ती काहीच सांगत नव्हती. एक आपटा गावची बाई होती, बाळंतपणात गेलेली. एक शेतात पडलेला तरणा माणूस, ज्याच्या अंगाला जखम नव्हती.

कुमुद दारात येऊन उभी राहिली. "सोडा ते," ती म्हणाली. "त्यांना डॉक्टरांनी बघितलं असेल."

"सगळ्यांना नाही."

"आता काय करणार आहात? उकरणार आहात?"

तिने पेटी बंद केली, त्याच्या हाताला धरून जेवायला नेलं. त्या रात्री आणि नंतर कितीतरी रात्री तो झोपेत मोजायचा, आणि ती त्याला हलवून उठवायची.

पुढे लोकांना त्याचं वागणं विचित्र वाटायला लागलं. लग्नाला, मुंजीला तो फ्लॅश वापरायचा. पण कुणी गेल्याचं बोलावणं आलं की शंभरचा रोल, स्टँड, आणि पहिलं काम दारं-खिडक्या लावून घेणं. बाहेर लख्ख ऊन असलं तरी. भिंग जितकं बारीक होईल तितकं बारीक करायचा आणि मिनिट मिनिट पडदा उघडा ठेवायचा. नातेवाईक कुजबुजायचे. म्हाताऱ्याला गुदमरवताय काय, असं एकाने विचारलंसुद्धा. आणि निघताना हा सांगायचा, "तासभर थांबा. मी फोटो बघून येतो, मग न्या." काही थांबायचे, काही नाही. अथर्व नावाचा एक नवा मुलगा शेजारी रंगीत फोटोचं चकचकीत दुकान घालून बसला होता, त्याच्याकडे लोक वळले. कृष्णकांतला त्याचं काही नव्हतं. नऊ वर्षांत त्याने अशी चाळीसेक माणसं काढली. एकही हललं नाही. प्रत्येक वेळी ओल्या कागदावर मधलं माणूस ठसठशीत उमटलं की तो सुटकेचा श्वास टाकायचा आणि कुमुदला म्हणायचा, "गेलेले आहेत. नीट गेलेले आहेत."

सत्त्याण्णवच्या माघात कुमुद गेली. हृदय आधीपासून अधू होतं. तीन दिवस दवाखान्यात होती, सकाळी अकराला गेली. डॉक्टरांनी छातीच्या पट्ट्या काढल्या, यंत्रावरची सरळ रेघ दाखवली, कागदावर सही केली. शंका घ्यायला जागा नव्हती, आणि कृष्णकांत काही खुळा नव्हता. त्याला समजत होतं.

खांदा कॉलनीत मधल्या वर्षांत घेतलेल्या घरी तिला आणलं. पुण्याहून मुलगी आधीच आलेली होती, अनुया. माणसं जमली. दुपारी दोनला निघायचं ठरलं, आणि साडेबाराला कृष्णकांत दुकानातून स्टँड आणि तो जुना कॅमेरा घेऊन आला.

"सगळे बाहेर जा," तो म्हणाला.

कुणीतरी अनुयाच्या कानाशी लागलं. अनुयाने सगळ्यांना बाहेर काढलं, स्वतः दारात उभी राहिली. त्याने खिडक्या लावल्या, पडदे ओढले. शंभरचा रोल घातला, भिंगाचं तोंड शेवटच्या खुणेपर्यंत बारीक केलं. आयुष्यभर जगाला हलू नका, हलू नका म्हणत आला होता. आता पडदा उघडून तो कॅमेऱ्याशेजारी उभा राहिला आणि मोजायला लागला, आणि प्रत्येक आकड्याला मनातून तिला म्हणत होता, हल. थोडी हल. एकदा. साठ झाले तरी तो थांबला नाही. नव्वद झाले. दारातून अनुयाने हाक मारली, "बाबा."

फोटो धुवायला तो लाईन आळीत गेला. अनुया बरोबर गेली. "बाबा, लोक खोळंबलेत," ती हळूच म्हणाली.

"खोळंबू देत."

लाल दिव्याखाली त्याने कागद बशीत सोडला. कुमुदचा उभ्या जन्मात एक फोटो धड आला नव्हता. ऐन वेळी तिला हसू यायचं, नाहीतर त्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसायचं आणि ती बोट दाखवायची. बावीस वर्षांत त्याने काढलेल्या प्रत्येक फोटोत ती कुठे ना कुठे हललेली होती, आणि दर वेळी त्याने तिला त्यावरून बोल लावला होता. पाण्यात खोली उमटली. पलंगाची कड, उशी, कपाळ. त्याने भिंग घेतलं आणि मंगळसूत्रावर धरलं. एक बाजू बघितली, दुसरी बघितली. मग पहिल्यापासून पुन्हा बघितली. काळे मणी एकेक वेगळे, मधला दोरासुद्धा दिसत होता.

अनुयाने विचारलं, "बरा आलाय?"

"उत्तम आलाय," कृष्णकांत म्हणाला, आणि बशीची कड दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. फोटो त्याला पाण्यातून बाहेर काढवेना. शेवटी तो अनुयानेच काढला.